शिस्त धरण्याआधी

बसलात? मग सुरू करू. घाई कसलीच नाही.

डोळ्यांसमोर स्वयंपाकघरातलं एक लाकडी टेबल आणा. जागा अमेरिकेच्या पूर्व भागातलं पेनसिल्व्हेनिया राज्य, वेळ नाताळची रात्र. जेवणं आटोपली आहेत, पाहुणे गेले आहेत, भांडी पालथी घातली आहेत. बाहेर बर्फ पडून गेलाय. नाताळच्या दुसऱ्या दिवशी इथे चकमकीच्या बंदुकांचा हंगाम उघडतो. 1974 साली या राज्यानं तो सुरू केला आणि अट घातली, की या दिवसांत हरणावर चालवायची बंदूक गारगोटीच्या ठिणगीनंच पेटणारी हवी.

ती बंदूक टेबलावर आडवी ठेवलेली आहे. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी घालायची आणि गजानं ठासायची. म्हणजे आपली ठासणीची बंदूक. शेतराखणीच्या परवान्यावरच्या अशा बंदुका कोकणात अजूनही काही घरांत आहेत, त्यामुळे शब्द परका वाटायचं कारण नाही. लोकल ठासून भरली असं आपण म्हणतो, एखाद्याचं बोलणं फुसका बार ठरलं असंही म्हणतो. वस्तू घरातून गेली तरी तिचे शब्द जिभेवर राहिले.

तुम्ही शिकारी नसाल. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हरणाची शिकार हा गुन्हा आहे. तिकडची गोष्ट वेगळी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या राज्यातलं पांढऱ्या शेपटीचं हरीण जवळजवळ संपलं होतं. 1895 साली शिकारीवर देखरेख ठेवणारा सरकारी आयोग नेमला गेला, 1906 पासून दुसऱ्या राज्यांतून हरणं आणून सोडली गेली, आणि आज ती इतकी झाली आहेत, की अलीकडे वर्षाला चार लाखांच्या आसपास मारली जातात. तरीही रानातली कोवळी रोपं चरून संपतात, ही तक्रार आहेच. हे बरं की वाईट, हा वाद आज बाजूला ठेवू. आज एवढंच मनात धरा: उद्या एक माणूस रानात जाणार आहे, त्याच्याकडे एकच बार असणार आहे, आणि दुसरा भरायला त्याला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागणार आहे.

त्याच्यासमोर प्रश्न आहे: गोळी कोणती, दारू किती?

प्रश्न दुकानातला वाटतो. वाटू द्या. आपण टेबलावरची एकेक वस्तू उचलून बघू.

पहिली वस्तू गोळी. हातात घ्या.

शिशाची आहे, गोल, राखाडी, अजिबात न चमकणारी. एका बाजूला हलकासा चपटा डाग दिसतो. साच्यात शिसं ओतताना वर जो देठ राहतो, तो तिथे कापलेला असतो. भरताना हा डाग वर, नळीच्या तोंडाकडे ठेवायची पद्धत आहे. कारण साधं. डाग कुठे आहे ते दर वेळी ठाऊक असावं. गोळी निर्दोष असणं आपल्या हातात नसतं, पण तिचा दोष कुठे आहे ते ठाऊक असणं हातात असतं. इथे क्षणभर थांबा.

आता तळहातावर तिचं वजन जोखा. बंदुकीच्या नळीचा व्यास अर्धा इंच, म्हणजे .50 कॅलिबर, आणि गोळी किंचित बारीक, .490 इंचाची. वजन सुमारे 177 ग्रेन. ग्रेन हे माप आपल्याला अपरिचित, पण इंग्रजी अमदानीत आपला तोळा 180 ग्रेनांचा ठरला होता. म्हणजे ही गोळी तोळ्याला जेमतेम तीन ग्रेन कमी. लग्नातल्या अंगठीच्या हिशेबात ज्या तोळ्यावर आपण दहादा विचार करतो, त्याच नावाचा तोळा. सोन्याच्या तोळ्यावर जितका विचार होतो, तितका या तोळ्यावर करायचा आहे.

नखानं गोळी दाबून पाहा, ओरखडा उठेल. शुद्ध शिसं मऊ असतं, आणि इथे ते मऊच हवं. हरणाच्या अंगात शिरल्यावर गोळी पसरते, तिचं तोंड चपटं होतं, जखम रुंद होते. जुन्या शिशात दुसरे धातू मिसळून ते कडक झालं असेल, तर गोळी भरताना त्रास देते आणि लागल्यावर नीट पसरत नाही.

पण गोळीचा एक मूळ स्वभाव आहे. ती गोल आहे, म्हणून हवा कापण्यात कच्ची आहे. नळीतून निघताना कितीही जोरात निघाली, तरी शंभर यार्डांवर पोचेपर्यंत तिच्या वेगाचा मोठा हिस्सा हवेनं खाल्लेला असतो. लांबट गोळी हवा चांगली कापते, जडही असते. 1849 मध्ये मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्यानं पोकळ बुडाची लांबट गोळी काढली आणि पुढच्या युद्धांत बंदुकीचा पल्ला कितीतरी वाढला. 1985 च्या सुमारास अमेरिकेत ठासणीच्याच पण नव्या घडणीच्या बंदुका आल्या. त्यांत प्लास्टिकच्या कपात बसवलेली तांब्याच्या वेष्टणाची गोळी जाते, वर दुर्बीण बसते, आणि दीडशे यार्डांची भाषा सहज होते. ती वाट वेगळी आहे, वाईट नाही. उद्याच्या हंगामात मात्र तिला प्रवेश नाही.

गोळीची निवड खरं तर नळीनं आधीच केलेली असते. नळीच्या आत पिळाच्या खाचा असतात. त्या गोळीला फिरकी देतात, आणि फिरणारी गोळी सरळ जाते. खाचांचा एक फेरा 60 ते 70 इंचांत पुरा होत असेल, तर ती नळी गोल गोळीची. 28 इंचांत पुरा होत असेल, तर लांबट गोळीची. 48 इंचांचा पीळ हा मधला तोडगा. दुकानात उभं राहून मला ती दुसरी गोळी आवडते म्हणण्याआधी आपल्या नळीचा पीळ माहीत असावा. आपल्याला काय आवडतं आणि आपल्या घडणीला काय मानवतं, यांत फरक असतो. हे वाक्य बंदुकीबद्दलच आहे. दुसरीकडे कुठे लावायचं असेल तर ते तुमचं तुम्ही लावा.

गोळी खाली ठेवा. शिसं हाताळलंय, हात धुवायला विसरू नका.

आणि हात धुताना शिशाचाही विचार करा. हरणाच्या आतड्यांचा ढीग रानातच राहतो. त्यात शिशाचे कण असले, तर ते खाणारे गरुड आणि गिधाडं विषबाधेनं मरतात. कॅलिफोर्नियात काँडोर नावाचं प्रचंड गिधाड नामशेष व्हायला आलं होतं, आणि त्यामागे शिसं हे एक मोठं कारण होतं. जुलै 2019 पासून त्या राज्यात शिकारीला शिसं पूर्ण बंद आहे. मंद वेगाची जड गोल गोळी वेगवान रायफलीच्या गोळीइतकी चुरा होत नाही, हे खरं. पण तेवढ्यानं प्रश्न मिटत नाही. बिस्मथच्या गोळ्या मिळतात, त्या महाग आणि कडक असतात. कोणती घ्यायची ते ज्यानं त्यानं ठरवावं. फक्त हरणाच्या पलीकडे आपली गोळी आणखी कुणाच्या पोटात जाणार आहे, हे ठरवताना आठवावं.

दुसरी वस्तू दारू.

डबी उघडा. काळे, चकचकीत, टोकदार कण. वास घ्या, पण जवळ दिवा, सिगारेट, शेगडी काही नको. शंभर भागांत 75 भाग सोरा, 15 कोळसा, 10 गंधक. सोरा प्राणवायू पुरवतो, कोळसा जळतो, गंधक पेटणं सोपं करतो. तिन्ही नुसते कालवून चालत नाहीत. ओले करून चाकाखाली तासन्‌तास मळतात, वड्या दाबतात, वड्या फोडतात आणि कण चाळणीनं निवडतात. भरड कण सावकाश जळतात, बारीक कण झपाट्यानं. डबीवर एफ या अक्षरांनी जात लिहिलेली असते, जितके एफ जास्त तितका कण बारीक. अर्ध्या इंची नळीला दोन एफची दारू हा जुना प्रघात. तीन एफचीही पुष्कळ जण वापरतात, पण मग माप थोडं कमी करतात, कारण ती लवकर दाब चढवते. चार एफची अगदी पिठासारखी. तिची जागा नळीत नाही, बाहेरच्या कानापाशी आहे. तिला आपल्याकडे रंजक म्हणत.

या सोऱ्यापाशी जरा रेंगाळू.

1802 मध्ये एल्युथेर इरेने द्यू पाँ या फ्रेंच माणसानं पेनसिल्व्हेनियाला लागून असलेल्या डेलावेअर राज्यात, ब्रँडीवाइन नदीच्या काठी दारूची गिरणी घातली. तो रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएच्या हाताखाली शिकलेला. गिरणीच्या इमारतींना तीन भिंती जाड दगडाच्या, आणि नदीकडची चौथी बाजू व छप्पर मुद्दाम हलकं. स्फोट झाला तर जोर नदीकडे जावा म्हणून. स्फोट होणार हे गृहीत धरूनच तिथे घर बांधलेलं होतं. आणि झालेही, अनेक वेळा, माणसं गेली.

सोरा मात्र तिथला नव्हता. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तेव्हा उत्तरेकडच्या सरकारसाठी द्यू पाँ घराण्यातला लॅमो हा तरुण इंग्लंडला गेला, आणि तिथे मिळेल तेवढा सोरा त्यानं विकत घेतला. तो सोरा हिंदुस्थानातला होता, मुख्यतः बिहारचा. गुरांच्या गोठ्यांजवळच्या, जुन्या भिंतींच्या बुडाशी असलेल्या मातीवर पांढरी खार फुटते. नोनिया समाजाची माणसं ती खरवडत, पाण्यात विरघळवत, गाळून आटवत. लॅमोनं हा सोरा घेतला, पण तेवढ्यात इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात तणाव निर्माण झाला आणि इंग्रजांनी माल बंदरातच अडवला. तंटा मिटल्यावरच जहाजं सुटली.

म्हणजे ब्रँडीवाइनच्या काठी जळणारी ठिणगी बिहारच्या गोठ्याशी जोडलेली होती. तुमच्या समोरच्या डबीतली आजची दारू तिथली नसेल. पण डबी हातात असताना एवढं मनात येऊ द्या, की कुणाच्या तरी नखांत गेलेल्या मातीपासून हे सुरू झालं होतं.

आता नेमकं काम. अस्सल काळ्या दारूऐवजी पर्यायी दारू मिळते. तिची साफसफाई सोपी, ठेवायला निर्बंध कमी. पण ती पेटायला जास्त उष्णता लागते, आणि चकमकीची ठिणगी तेवढी देत नाही. म्हणून चकमकीच्या बंदुकीला अस्सल काळी दारूच हवी. आणि एक गोष्ट, जिच्यात मननाला वावच नाही: आजच्या काडतुसातली धूररहित दारू या नळीत कधीही घालायची नाही. नळी फुटते आणि डोळे, बोटं, कधी जीव जातो.

माप पितळेचं असतं. बारीक नळीत सरकणारा दांडा, त्यावर ग्रेनांच्या खुणा. डबीतून किंवा शिंगातून थेट बंदुकीत दारू ओतत नाहीत. नळीत आधीच्या बाराचा एखादा निखारा धुमसत असेल, तर हातातलं सगळंच पेटेल. मापात घ्यायचं, डबी बंद करायची, मग ओतायचं. हे रोज करणाऱ्याच्याही हातून घाईत निसटतं, म्हणून इथेच सगळ्यात सावकाश.

किती घ्यायची? थोडं थांबा. तिसरी वस्तू बघितल्याशिवाय याचं उत्तर मिळणार नाही.

तिसरी वस्तू चिंधी.

गादी-उशांच्या खोळीचं असतं तसं घट्ट विणीचं जाड सुती कापड, रुपयाहून मोठा गोल कापलेला, तेल किंवा चरबी लावलेला. नळी .500 इंच, गोळी .490. मधली फट ही चिंधी भरते. गोळी तिच्यात गुंडाळून जाते, खाचा चिंधीला धरतात, चिंधी गोळीला फिरवते. बाहेर पडल्यावर दोघांची ताटातूट होते, गोळी पुढे जाते आणि चिंधी पाचदहा पावलांवर गवतात पडते.

तीच उचलायची.

निवडीचं खरं काम या टेबलावर झालेलं नाही. ते उन्हाळ्यात, मैदानावर झालंय. आपण त्या दुपारी जाऊन येऊ. पन्नास यार्डांवर कागद लावलाय. 50 ग्रेनांपासून सुरुवात, प्रत्येक मापाचे तीन-चार बार, प्रत्येक बारानंतर नळी पुसायची. काळी दारू जळल्यावर अर्ध्याहून जास्त घन रूपात मागे राहते, त्यामुळे न पुसलेली नळी दर वेळी वेगळी नळी असते. मग 55, मग 60. बंदूक बनवणाऱ्यानं जी कमाल मर्यादा दिलेली असते, तिच्या पुढे पाऊल नाही.

प्रत्येक टप्प्याला गवतातून चिंध्या गोळा करा आणि वाचा. मधोमध काळा गोल, त्याभोवती खाचांच्या रेघा, कडा थोड्या उसवलेल्या, बाकी कापड धड: जमलंय. रेघांवर कापलेली: खाचांच्या कडा धारदार आहेत किंवा गोळी फार घट्ट बसते. मध्यभागी जळून भोक: तेल कमी, कापड पातळ, नाहीतर दारू जास्त. कागदावरची भोकं नेम कसा लागला ते सांगतात, चिंधी का लागला ते सांगते.

आणि हळूहळू एक गोष्ट दिसू लागते. 70 ग्रेनांवर भोकं जवळजवळ येतात. 80 वर थोडी फाकतात. 90 वर खांद्याला धक्का बसतो, धूर जास्त, आवाज मोठा, आणि कागदावर गोंधळ. जास्तीच्या दारूनं दिलेला वेग हवा लवकरच काढून घेते. मोठा आवाज ऐकून मनाला बरं वाटतं, पण हरणाला त्याचा काही उपयोग नाही. आणि शिकार करायला निघालेल्या माणसानं हरणाचा उपयोग आधी बघायचा असतो. त्याला पटकन मरण यावं, एवढंच आपण त्याचं देणं लागतो.

तुमच्या बंदुकीचा आकडा 70 असेलच असं नाही. शेजारच्याच्या बंदुकीचा 65 असेल, तिसऱ्याचा 85. एकाच कारखान्यातून पाठोपाठ निघालेल्या दोन नळ्यांचाही आकडा वेगळा येतो. म्हणून दुसऱ्याला विचारून आणलेला आकडा ही फक्त सुरुवात.

आता परत टेबलापाशी या. चौथी गोष्ट टेबलावर नाही, ती वस्तूही नाही. ती अंतर.

हरीण आडवं उभं आहे असं समजा. पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या भागात, हृदय आणि फुप्फुसं मिळून साधारण आठ इंचांची जागा. मध्यम आकाराची भाकरी. तुमची गोळी त्या भाकरीत दर वेळी, थंडीनं बोटं बधिर असताना, धाप लागलेली असताना, गारगोटी पडल्यापासून बार सुटेपर्यंतच्या त्या क्षणभर विलंबात न हलता, नेमकी जाईल, असं शेवटचं अंतर कोणतं? मैदानावर बाकाला टेकून नव्हे. रानात, उभ्यानं.

कुणासाठी ते 75 यार्ड असेल, कुणासाठी 60, कुणासाठी 40. आकडा मनातल्या मनात म्हणा. मोठ्यानं म्हणायची गरज नाही, म्हणून खोटा म्हणायचीही गरज नाही.

जुन्या मराठीत शिस्त या शब्दाचा एक अर्थ नेम असा आहे. शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे. बंदुकीच्या नळीवरून बघणारा तो शब्द पुढे शाळेत गेला, कवायतीत गेला आणि वागणुकीच्या चौकटीचा झाला. पण दोन्ही अर्थ एकाच जागी भेटतात, ती जागा म्हणजे हे टेबल. उद्या चापावर बोट असताना जी शिस्त धराल, ती आज रात्री पाळलेल्या शिस्तीहून जास्त असणार नाही. कारण रानात निवड करायला काहीच उरत नाही. गोळी नळीत, दारू तिच्याखाली, कानापाशी रंजक, आणि समोर अंतर. तिथे एकच निर्णय बाकी असतो: बार काढायचा की नाही. आजचा आकडा खरा असेल, तर तो निर्णयही झालेलाच आहे.

उद्या काय होईल, हा या मननाचा विषय नाही.

आवरायला घ्या. गजावर एक खूण आहे ती तपासा. दारू आणि गोळी नीट बसली की गज बरोबर त्या खुणेपर्यंत बाहेर राहतो. गोळी आणि दारूमध्ये फट राहिली तर नळी फुगू किंवा फाटू शकते, म्हणून दर वेळी ती खूण बघायची. गारगोटीची धार बघा, तिच्याखालचा चामड्याचा तुकडा बघा. डबीचं झाकण घट्ट लावा आणि ती कोरड्या जागी, मुलांच्या हाताबाहेर ठेवा. बंदूक आज भरायची नाही.

आणि जाता जाता तो पहिला प्रश्न पुन्हा उचला. गोळी कोणती, दारू किती? दुकानात तो याच क्रमानं विचारला जातो आणि म्हणूनच चुकतो. क्रम उलटा धरा. आधी आपलं अंतर. मग त्या अंतरावर जी गोळी नळीला मानवते ती. मग ती गोळी जिच्यामुळे नेमकी जाते ती चिंधी. आणि सगळ्यात शेवटी, त्यांना पुरेल एवढीच दारू, एक ग्रेनही मिरवायला नाही.

पितळी मापाचा दांडा आपल्या आकड्यावर आणा, स्क्रू आवळा, आणि झोपा.